ऑस्ट्रिया अपडेट: ग्रीस तोंडाशी येऊन गेलं

डिप्लोमसी या बोर्ड गेमच्या डावात मी ऑस्ट्रिया होतो; यात सगळे आपापल्या चाली गुपचूप चिठ्ठीवर लिहितात आणि त्या एकदमच उघडतात. स्प्रिंग १९०१ (खेळातली पहिली फेरी) अगदी मनासारखा गेला. नेहमीचाच बाल्कन गॅम्बिट: बुडापेस्टची आर्मी सर्बियात, ट्रिएस्तेची फ्लीट अल्बानियात आणि व्हिएन्नाची आर्मी ट्रिएस्तेकडे. इटलीवाला 'मी तुर्कीवरच चाललोय रे' म्हणत होता. चिठ्ठीत निघालं काय, तर व्हेनिस ते ट्रिएस्ते! बाउन्स. म्हणजे ताकद सारखी, दोघेही जागच्या जागी. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. रशियानेही शब्द पाळला, वॉर्साची आर्मी गॅलिशियात न घुसता युक्रेनला गेली. डिप्लोमसीत ऑस्ट्रियाला आणखी काय हवं?

मग फॉल (वर्षाची दुसरी फेरी) आला. अल्बानियातून फ्लीट ग्रीसमध्ये, सर्बियातल्या आर्मीचा सपोर्ट, म्हणजे जागेवरूनच फ्लीटच्या ताकदीत एकाची भर. बल्गेरियातून तुर्की ग्रीसवर आला तरी दोनास एक, ग्रीस आपलंच. पण तुर्कीने ग्रीसकडे पाहिलंच नाही. त्याने सर्बियावर हल्ला लिहिला. सर्बिया पडला नाही, पण हल्ला झाल्यामुळे सपोर्ट कट झाला. आणि त्याच वेळी आयोनियनमधली इटलीची फ्लीट ग्रीसवर! एकास एक, बाउन्स. तिकडे ट्युनिस फुकट पडलं होतं. ते सोडून, बिल्डवर (नव्या आर्मी-फ्लीटवर) पाणी सोडून, गड्याने माझं ग्रीस अडवलं. मी चार सेंटरवर (ज्यांच्या संख्येवर सैन्य ठरतं ते प्रांत), तो तीनवरच, आणि तुर्की बल्गेरिया खिशात घालून गप्प. फासे नसल्यामुळे नशिबाला शिव्याही घालता येत नाहीत.

घरी येऊन बॅकस्टॅबर या डिप्लोमसीच्या वेबसाइटवरच्या सँडबॉक्समध्ये (एकट्यानेच सगळ्यांच्या चाली लावून बघायचा बोर्ड) तीच स्थिती मांडली. या कामाला त्याच्या तोडीचं काही नाही. ऑनलाइन मागवलेल्या संचातले पुठ्ठ्याचे तुकडे पंख्याच्या वाऱ्याने प्रांत बदलतात, म्हणून बोर्डावर मी आता सरळ लुडोच्या सोंगट्या वापरतो.

पहिला विचार: भूमिका उलट करू. सर्बियाची आर्मी ग्रीसला, सपोर्ट अल्बानियाचा, आणि मागून बुडापेस्टहून आर्मी सर्बियात. ग्रीस मिळतं. पण तुर्की सर्बियावर आला की तिथे बाउन्स, सर्बिया रिकामा, आणि फॉलला कोणी उभं नसेल तर नवं सेंटर आपलं मोजत नाहीत. म्हणजे पुन्हा चारच. शिवाय बुडापेस्टला ती जादा आर्मी यायला हवी व्हिएन्नाहून, म्हणजे स्प्रिंगमध्ये ट्रिएस्ते उघडं. इटली तिथे बसला की मी तीनवर. घोडं इथेच अडतं: व्हिएन्नाची आर्मी एक आणि कामं तीन. गॅलिशिया अडवा, ट्रिएस्ते झाका, बुडापेस्टला मागे उभी राहा.

हे लिहिता लिहिता सुचलं: झाकायचं काम फ्लीटनेच केलं तर? स्प्रिंगला ट्रिएस्ते ते व्हेनिस. इटली ट्रिएस्तेवर आला तर समोरासमोर धडक, दोघेही जागच्या जागी. तो टिरोलियाला गेला आणि रोमची आर्मी मागून व्हेनिसमध्ये येऊ लागली, तर तिलाही बाउन्स. आणि व्हेनिस रिकामं सोडलं असेल, तर मी आत! ग्रीस पहिल्या वर्षी जातं हे खरं, पण या डावात तरी कुठे मिळालं? व्हिएन्ना मोकळी होते ही मोठी कमाई. सँडबॉक्समध्ये इटलीच्या सगळ्या चाली लावून पाहिल्या, स्प्रिंगमध्ये ट्रिएस्ते पडत नाही.

तर पुढच्या डावाला गॅम्बिट बाजूला. फ्लीट व्हेनिसला आणि बुडापेस्टची आर्मी सर्बियाला, या दोन चाली नक्की. व्हिएन्ना गॅलिशियाला लिहायची, तर रशियाशी बाउन्स आधी ठरवून घ्यावा की न सांगता टाकावा, एवढंच अडलंय. रशिया खेळणाऱ्यांनो, न सांगता झालेला गॅलिशियाचा बाउन्स तुम्ही किती वर्षं मनात ठेवता?