खांबावरच्या रेघा

आमची टूलरूम भोसरी एमआयडीसीत. प्लास्टिकच्या पार्ट्सचे मोल्ड बनवतो आणि प्लॅनिंग मी बघते. त्या बुधवारी माझ्या स्क्रीनवर तीन मोल्डचे तीन गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी ते दाखवणारे पट्ट्यांचे तक्ते होते आणि तिन्ही हिरवेगार, सगळं वेळेत. शॉपवर मात्र तिन्ही मोल्ड लेट.

गिऱ्हाइकांना आम्ही गावाच्या नावाने ओळखतो. चाकणचा, शिरवळचा, रांजणगावचा. सकाळी स्पॉटिंग प्रेसवर, म्हणजे मोल्डचे दोन अर्धे एकमेकांवर नीट बसवायच्या मशीनवर, चाकणचा होता. अकराला शिरवळचा फोन आला, "आमचं कुठवर आलं?" मोठ्या साहेबांनी चाकणचा उतरवायला लावून शिरवळचा चढवला. तीनच्या सुमाराला रांजणगावचा माणूस थेट येऊन रिसेप्शनला बसला, मग शिरवळचा उतरला.

मी तणतणत शॉपवर गेले. म्हटलं, "काका, एक मोल्ड का पूर्ण होत नाही?"

आमच्याकडे स्पॉटिंग प्रेस एकच, आणि स्पॉटिंगचा हात बसलेला फिटरही एकच, हे काका. कॅव्हिटी म्हणजे मोल्डचा एक अर्धा, कोअर म्हणजे दुसरा. कॅव्हिटीच्या पार्टिंगला, म्हणजे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे, बोटाने निळ्या रंगाचा पातळ थर फासायचा, प्रेस सावकाश मिटवायची, उघडायची. कोअरवर निळं उमटलं तिथे धातू उंच. तेवढाच भाग ग्राइंडरने घ्यायचा, दगडाने घासायचा, पुसायचा, परत निळं. सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हेच चालू. इथे घाई केली की ट्रायलला पार्टच्या कडेने फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकचा पापुद्रा, येतो आणि मोल्ड परत काकांकडेच.

काकांनी उत्तर दिलं नाही. प्रेसच्या खांबाकडे बोट केलं. खडूच्या रेघा होत्या, नऊ.

"गेल्या शुक्रवारपासूनच्या सेटिंगा, मॅडम."

क्रेनने जुना मोल्ड उतरवायचा, नवा चढवायचा, लेव्हल बघायची, क्लॅम्प आवळायचे. दोन तास कुठे गेले नाहीत. सहा दिवसांत नऊ सेटिंगा म्हणजे अठरा तास, दोन शिफ्टहून जास्त, आणि त्यात दगड एकदाही घासला गेलेला नाही.

तिथेच स्टुलावर बसून जॉबकार्डाच्या मागे हिशेब मांडला. तिन्ही मोल्डना स्पॉटिंगचे चार-चार दिवस धरलेले. रोज आलटून पालटून केले तर पहिला दहाव्या दिवशी संपतो, दुसरा अकराव्या, तिसरा बाराव्या. तेही सेटिंगला शून्य वेळ धरून. एक संपवून मग दुसरा घेतला तर चौथ्या, आठव्या, बाराव्या दिवशी. तिसऱ्याचं काहीच बिघडत नाही, आणि पहिल्याचे सहा दिवस वाचतात. शाळेतलं गणित आहे. पण तीन चार्ट तीन वेगळ्या फायलींत होते आणि प्रत्येक फायलीत काका पूर्ण मोकळे! १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेली क्रिटिकल पाथ मेथड आम्हाला कॉलेजात शिकवली होती. कामांचा क्रम ती चोख लावते, पण माणूस आणि मशीन हवं तेव्हा मिळणार असं मुळातच धरून चालते. ते आपलं आपण बघायचं असतं. मी बघितलं नव्हतं. इतके दिवस दोष मात्र काकांच्या वयाला देत होते.

आता आधी कोण? साहेब म्हणाले, "रांजणगाव. सगळ्यात मोठी पार्टी आहे, आणि माणूस बाहेर बसलाय." मी रांजणगावचं कार्ड उलटून बघितलं. त्याचे स्लायडर, म्हणजे मोल्डमधले सरकणारे भाग, अजून हीट ट्रीटमेंटलाच, येणार शनिवारी संध्याकाळी. स्लायडरशिवाय स्पॉटिंग पुरं होतच नाही. म्हणजे आज चढवलेला मोल्ड अर्धवट करून परत उतरवायचाच होता. हे कुणी बघितलंच नव्हतं, कारण फोन कोणाचा आला एवढंच बघत होतो.

चाकणचं काम दीड दिवसाचं उरलेलं. गुरुवारी आम्हाला वीजबंदीची सुट्टी, रविवारी काम. शुक्रवार ते शनिवार दुपार चाकण, तिथून सोमवार दुपारपर्यंत शिरवळ, मग रांजणगाव. साहेबांना पटायला दोन चहा लागले. "बाहेर सांगणार कोण?" म्हणाले. सांगणार मीच.

"सोमवार दुपारपर्यंत तुमच्या मोल्डला आम्ही हात लावणार नाही," असं समोरच्याला तोंडावर सांगायची माझी पहिलीच वेळ. "आज-उद्या बघतो"ची सवय झालेली. त्याने स्लायडरची तारीख दोनदा विचारली, सगळं मेलवर मागितलं आणि गेटबाहेर जाऊन वीस मिनिटं फोनवर बोलत राहिला.

परत शॉपवर आले तेव्हा रांजणगावच्या मोल्डचा शेवटचा क्लॅम्प काका आवळत होते.

"काका, उतरवा. चाकणचा घ्या."

काकांनी पाना खाली ठेवला. निळ्या बोटांनी खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला.

"ही दहावी रेघ तुम्ही मारा."