तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या टर्बो गाडीला कोणता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, घ्यावा?

"भाऊ, सेकंड-हँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. इंजिनचा दिवा लागतो, मधूनच पिकअप जातो. स्कॅनर कोणता घेऊ?" जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, कुठूनही विचारणा येते ती साधारण अशीच. त्यावर मी आधी गाडीचं साल आणि इंजिन विचारतो, कारण उत्तर त्यावरच ठरतं.

२००४ साली आलेली, १.८ टर्बो, दीडशे पीएसची पहिली आरएस असेल तर रॉस-टेक कंपनीचं अस्सल व्हीसीडीएस (स्कोडा-फोक्सवॅगन गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर आणि केबल) आणि विंडोजचा एखादा जुना लॅपटॉप घ्या. खिसा परवानगी देत नसेल तर साधी केकेएल यूएसबी केबल (जुन्या गाड्यांच्या एकतारी 'के-लाइन'साठीची) आणि व्हीसीडीएस-लाइट घ्या. नोंदणीशिवाय त्यातली काही कामं बंद असतात, पण या पिढीच्या गाडीचं इंजिन त्याने नीट वाचता येतं. नंतरच्या लॉरा आरएसला केकेएल केबल चालत नाही. तिथे व्हीसीडीएस, किंवा मोबाइलवर काम करायचं असेल तर ओबीडीइलेव्हन हे डोंगल आणि ॲप. फियाटची लिनिया टी-जेट किंवा अबार्थ पुंटो असेल तर मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर. त्यात इंजिन साध्या अडॅप्टरवर वाचता येतं, एअरबॅग, ब्रेक अशा बाकीच्या मोड्यूलसाठी त्याच्या रंगीत जोडकेबल लागतात. घरात चार कंपन्यांच्या गाड्या असतील किंवा गॅरेज चालवत असाल तर लाँच किंवा ऑटेल कंपनीचं हातात धरायचं यंत्र परवडतं. फक्त दरवर्षीच्या अपडेटचा खर्च आधी विचारून घ्या.

आता हजार रुपयांच्या आतल्या ब्लूटूथ डोंगलबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. भारतात नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे दोष वाचायची सर्वांना समान पद्धत, सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीला सोळा पिनांचं सॉकेट असलं तरी त्यातून सगळी सर्वसामान्य माहिती मिळेलच असं नाही. सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. सात नंबरच्या जागी पितळी पिन आहे आणि सहा व चौदा रिकाम्या आहेत, तर गाडी के-लाइनवर बोलते. सहा आणि चौदा भरलेल्या असतील तर कॅन, म्हणजे नंतरची वेगवान दोनतारी लाइन, आहे. स्वस्त डोंगलवर बहुधा 'ईएलएम ३२७, आवृत्ती १.५' असं लिहिलेलं असतं. ईएलएम कंपनीने त्या आवृत्तीची चिप कधी काढलीच नव्हती. या नकली चिपांपैकी बऱ्याच के-लाइनवर अडखळतात, आणि ॲप 'गाडी सापडत नाही' म्हणून बसून राहतं. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ डोंगल जोडलंच जात नाही, वाय-फायचं किंवा बीएलईचं (कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचं) लागतं.

डोंगल चाललं तरी टर्बो गाडीला ते तोकडं पडतं. ते पी०२९९, म्हणजे 'बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) कमी', असा कोड दाखवेल. पण कॉम्प्युटरने किती बूस्ट मागितला आणि प्रत्यक्षात किती मिळाला, हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसल्याशिवाय कोणता पार्ट बदलायचा ते कळत नाही. पहिल्या आरएसमध्ये हे दोन्ही आकडे व्हीसीडीएसच्या मेजरिंग ब्लॉक (चार आकड्यांचा गट) ११५ मध्ये मिळतात: आरपीएम, लोड, मागणी, प्रत्यक्ष. या एका ब्लॉकसाठीसुद्धा मी कंपनीची भाषा बोलणारा स्कॅनर घ्यायला सांगेन.

आकडे मिलिबारमध्ये असतात आणि त्यात हवेचा दाबही धरलेला असतो. म्हणून इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवा आणि प्रत्यक्ष दाब पाहा. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर तो साधारण ९८०च्या आसपास दिसायला हवा. भलताच आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासा. हे न करता पुढचं काही मोजू नका.

मग लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घ्या. पहाटे, मोकळा चौपदरी रस्ता, लॅपटॉप शेजारच्या माणसाकडे. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. तिसरा गिअर, २००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर, ४५०० पर्यंत. वेग शंभराच्या आत राहतो आणि कळायचं ते सगळं कळतं. के-लाइन संथ असल्याने एका वेळी एकच ब्लॉक नोंदवा. तीन ब्लॉक एकदम लावले तर नोंदी इतक्या विरळ होतात की बूस्ट कुठे पडला तेच निसटतं.

समजा मागणी १५५० आणि प्रत्यक्ष १२५०. टर्बो गेला असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप क्लिपमधून सुटलेला असतो, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाब वळवणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलेला असतो किंवा बूस्ट ठरवणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हची नळी चिरलेली असते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात बॉनेटखालचं वीस वर्षांचं रबर भाजून कडक होतं आणि हात लावला की तुटतं. प्रत्यक्ष दाब मागणीच्या वर जात असेल तर वेस्टगेट (टर्बोचा जादा एक्झॉस्ट बाहेर सोडणारी झडप) अडकलंय किंवा त्याच्या नळ्या उलट-सुलट लागल्यात. आणि मागणीच कमी दिसत असेल तर कॉम्प्युटर स्वतःहून हात आखडतोय. तेव्हा ब्लॉक ०२० उघडा. तिथे चारही सिलिंडरचं इग्निशन किती अंश मागे ओढलंय ते दिसतं. दुपारच्या बेचाळीस डिग्री उन्हात इग्निशन दोन-तीन अंश मागे असलं तरी चालून जातं. चारही सिलिंडर आठ-दहा अंश मागे असतील तर पेट्रोल किंवा तापलेली हवा बघा, एकच सिलिंडर मागे असेल तर त्याचा प्लग आणि कॉइल.

हवेच्या सेन्सरसाठी ब्लॉक ००३. ढोबळ हिशेब असा की सेकंदाला जितके ग्रॅम हवा, त्याला ०.८ ने भागलं की अंदाजे हॉर्सपॉवर. स्टॉक दीडशेच्या गाडीत अगदी वरच्या आरपीएमला १२०च्या आसपास यायला हवेत. त्यासाठी डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) गाठा, महामार्गावर तो प्रयोग नको. तेल लावलेला हवेचा स्पोर्ट्स फिल्टर बसवलेला असेल तर तेलाचा थर आणि आपल्या रस्त्यांची धूळ मिळून हा सेन्सर मंदावतो.

कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते दाखवणारा ब्लॉक ०३२ अलीकडे फार चुकीचा वाचला जातो. त्यात पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याला इंधन जास्त लागत असल्याने निरोगी गाडीतही दुसरा आकडा सहा ते आठ टक्के वर सरकू शकतो. तो बघून इंजेक्टर बदलू नका. पहिला आकडा वर आणि दुसरा जागेवर असेल तर हवेची गळती शोधा. या इंजिनात मॅनिफोल्डखालच्या ब्रीदर नळ्या हमखास चिरतात.

नवाकोरा स्कॅनर लावला आणि इंजिनशी संपर्कच झाला नाही, तर तो परत करायच्या आधी म्युझिक सिस्टिम बघा. या गाड्यांच्या मूळ स्टिरिओच्या कनेक्टरमध्ये एका पिनवर के-लाइन येते. बाहेरचा स्टिरिओ थेट जोडला की ती लाइन दबते आणि डायग्नोस्टिक मुकं होतं. स्टिरिओचं कनेक्टर काढून पुन्हा प्रयत्न करा. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर फ्यूज पाहा.

व्हीसीडीएसच्या नकली केबल्स बाजारात भरपूर आहेत. सॉफ्टवेअर अपडेट केलं की त्या बंद पडतात, आणि त्यांच्यावर कोडिंग करताना अर्ध्यात अडकलात तर मदतीला कोणी नाही. नुसतं वाचायला एक वेळ ठीक, लिहायला अजिबात नको. अस्सल केबलवरही कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमधली मांडणी बदलणं) किंवा थ्रॉटल ॲडाप्टेशन (हवेच्या झडपेची हालचाल कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं) करताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा, व्होल्टेज पडलं की काम अर्धवट राहतं. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर हे ॲडाप्टेशन करावंच लागतं: किल्ली चालू, इंजिन बंद, बेसिक सेटिंग्ज, ग्रुप ०६०.

फाटका पाइप मात्र कोणताही स्कॅनर दाखवत नाही. टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने दहा पीएसआयपर्यंतच हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे गळती.

आणि गॅरेजला गाडी देताना, 'आधी कोड उडवून बघू' असं मिस्त्री म्हणाले तर त्यांना थांबवा. कोडबरोबर इंधनाचं शिकलेलं गणितही पुसलं जातं आणि ०३२ मध्ये वाचायला काहीच उरत नाही. पूर्ण ऑटो-स्कॅन (सगळ्या मोड्यूलमधल्या कोडची यादी) आणि ०३२ चे आकडे तारीख, किलोमीटर घालून सेव्ह करा, मगच कोड उडवू द्या.