तुम्ही विचारलंत म्हणून: फिजिक्सवालीचं विषाणूंशी काय काम?

"मॅडम, तुम्ही फिजिक्सच्या ना? मग व्हायरसमध्ये कुठे घुसलात?" परवा हे दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझ्या तोंडात आरसा घालून. एका मुलाखतीत तर पॅनलवरच्या सरांनी "तुमचा अर्ज चुकून आमच्याकडे आलाय वाटतं" असं ऐकवलं होतं. नातेवाईक जरा वेगळं विचारतात: "लस काढलीस का?" नाही काढली. काढणारही नाही. एकदाचं लिहूनच टाकते.

विषाणू पेशीत शिरून काय करतो हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. माझा संबंध त्याच्या बाहेर पडण्याशी. चिकनगुनिया, फ्लू, एचआयव्ही यांचे विषाणू निघताना पेशी फोडत नाहीत, तिच्याच पटलाचा, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाचा, तुकडा अंगावर ओढून निघतात. पटल जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाड, पण ते वाकवायला ऊर्जा लागते. किती, याचं सूत्र 1973 मध्ये वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी मांडलं. हा माणूस मुळात लिक्विड क्रिस्टलवाला. कॅल्क्युलेटरच्या एलसीडी पडद्यामागे ज्यांचं डोकं आहे त्यांतला एक. त्यांना कोणी विचारलं होतं का, पेशीत कुठे घुसलात म्हणून?

त्या सूत्रातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. सपाट पटलाचा अख्खा गोळा करायचा खर्च गोळ्याच्या आकारावर अवलंबून नाही. लहान असो की मोठा, साधारण 500 केटी. केटी हे रेणूंच्या आपोआप चालणाऱ्या थरथरीचं माप. नुसत्या थरथरीतून 500 केटी जमत नाहीत. कुणीतरी द्यावे लागतात.

2006 ची चिकनगुनियाची साथ नाशिककरांना सांगायला नको. सिडकोतल्या आमच्या गल्लीत धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती. मी पुण्यात पीएचडी करत होते, विषय नेमका हाच, आणि घरी आले तर आई परातीत कोमट मीठपाणी घेऊन दोन्ही हात बुडवून बसलेली. बोटं इतकी सुजली होती की अंगठी सराफ बाजारात नेऊन कापून काढावी लागली. कुकरचं झाकण लागत नव्हतं. दवाखान्यातून पॅरासिटामॉल मिळालं होतं, कारण खास औषध नव्हतंच.

"तू शिकतेस ते आत्ता माझ्या बोटांत चाललंय का गं?"

"आता तितकं नाही. विषाणू रक्तातून गेला असेल. सूज तुझ्या शरीराचीच आहे."

"म्हणजे माझंच मला दुखतंय." मग जरा वेळाने, "आणि तू नक्की करतेस काय?"

लाईट बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं. पटल, त्याला आलेला फुगवटा, फुगवट्याखाली बारीक होत गेलेली मान. या विषाणूच्या आतल्या कवचात एकाच प्रथिनाच्या 240 प्रती असतात, आणि पटलात रुतलेल्या काट्यांच्या प्रथिनाच्याही 240. आतलं एक बाहेरच्या एकाला चिकटतं, आणि चिकटताना सुटणारी ऊर्जाच हा खर्च भागवते. 500 भागिले 240. आईने हयात पतसंस्थेच्या वह्या लिहिण्यात घालवलेली, भागाकार तिनेच तोंडी केला. दोनाच्या थोडं वर.

"म्हणजे प्रत्येक जोडीमागे दोनाहून जास्त जमा झाले तरच हा निघणार. नाहीतर खातं तुटीत."

बरोबर. 2004 मध्ये त्झ्लिल, डेझर्नो, गेलबार्ट आणि बेन-शॉल यांनी याच हिशेबाची सविस्तर मांडणी केली होती आणि ती समजून घ्यायला मला बरेच महिने लागले होते. मला कौतुकही वाटलं आणि, खरं सांगते, थोडा रागही आला. मग तिने ओला अंगठा नेमका मानेवर ठेवला. शाई पसरली.

"जमाखर्च जुळला. पण हा सुटतो कसा? इथून अजून चिकटलेलाच आहे की."

मी ठसक्यात उत्तर दिलं. एचआयव्हीतला पी6 नावाचा प्रथिनाचा तुकडा काढला तर विषाणू पेशीला लोंबकळत राहतात, हे 1991 मध्येच दिसलं होतं. पुढे 2001 मध्ये कळलं की तो तुकडा पेशीच्या एस्कर्ट प्रथिनांना हाक मारतो आणि शेवटची काट तीच मारतात. म्हटलं, याचंही तसंच असणार. आई म्हणाली, "असेल." तिला पटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, प्रयोग छापून आला: एस्कर्टचं इंजिन बंद पाडलं तरी चिकनगुनियाच्या कुळातले विषाणू खुशाल बाहेर पडतात.

उपयोग काय, हे विचारणाऱ्यांसाठी: ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध नेमकं या दारातच अडवतं. नवे विषाणू तयार होतात, पण पेशीला आणि एकमेकांना चिकटून बसतात. हे मी वर्गात छाती पुढे काढून सांगते. मात्र ते औषध पटलाच्या गणितातून निघालेलं नाही, विषाणूच्या एका एन्झाइमची रचना पाहून निघालं. हे वर्गात नंतर सांगते, तास संपत आला की.

राहिली मान. तिला दोन दिशांना उलटसुलट वाक असतात आणि ते एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात, म्हणजे मान तशीच राहिली तरी पटलाला जड जात नाही. वाकवण्याचं गणित तिला तोडायला मदत करत नाही. काटेच एकमेकांना धरत मान आवळत नेतात, असं मी हल्ली म्हणते. त्यावर 2006 मधली मी लगेच आडवी येते: मान अरुंद झाल्यावर शेवटचे काटे तिथून आत सरकणार कसे? आणि मानेच्या दोन्ही बाजू एकमेकींत मिसळायला लागणारे आणखी कित्येक केटी कोणत्या खात्यातून? मी म्हणते, मग पेशीतलंच दुसरं कुणीतरी असेल. ती म्हणते, नाव सांग.