दोन फुटी टँकमध्ये पोवळी जगवताना

मी बोरिवलीला राहते, गोराईची खाडी घरापासून फार लांब नाही. त्यामुळे माझा पोवळ्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक बघायला येणारा जवळपास प्रत्येक जण एकच सल्ला देतो : "मीठ कशाला विकत आणतेस? खाडीवरून दोन कॅन भरून आण की!" ऐकायला पटण्यासारखं आहे. पण मुंबईच्या काठचं पाणी गाळाचं, सांडपाणी मिसळलेलं. पावसाळ्यात तर त्याचा खारटपणाच उतरतो. पोवळ्यांना हवं असतं स्वच्छ आणि कालच्यासारखंच आजही असणारं पाणी. म्हणून समुद्राकाठी राहून मी पाकिटातलं मीठ ढवळून समुद्र करते.

हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे आणि भांडुप-मुलुंडकडच्या आगरातलं खडे मीठही नव्हे. आगरात मीठ धरण्याआधीच कॅल्शियमचा बराचसा भाग जिप्सम होऊन खाली बसतो, मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं आणि हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. रीफ (म्हणजे पोवळ्यांची भिंत) सॉल्ट म्हणून मिळणाऱ्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची खनिजं समुद्राच्या प्रमाणात घातलेली असतात. महाग पडतं, पण दर आठवड्याला मला लागतं ते जेमतेम दोनशे ग्रॅम.

कोणती कोरल, म्हणजे पोवळी, घ्यायची हे ठरवणं कायद्याने सोपं केलं. जांभळ्या-निळ्या फांद्यांच्या ॲक्रोपोरा या कठीण पोवळ्याचे फोटो बघून कोणाचंही मन जाईल. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, रीफ बांधणारी सगळी कठीण पोवळी २००१ पासून आहेत. काळं पोवळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप, समुद्रपंखे हेही आहेत. लाइव्ह रॉक म्हणून विकला जाणारा सच्छिद्र दगड बऱ्याचदा अशाच पोवळ्यांचा सांगाडा असतो, म्हणून तोही टाळला आणि सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले. कोरल घेतली ती हौशी मंडळी सरसकट 'सॉफ्ट' म्हणतात ती : झोआ, मश्रूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक लेदर. सगळी दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढून कापलेली. मला विचाराल तर कायदा नसता तरी लहान टँकमध्ये हेच घ्यावं. कठीण कोरल सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज उचलतात; थोड्याशा पाण्यात ते आकडे सतत भरत बसावं लागतं. माझ्या कोरलांचं साप्ताहिक वॉटर चेंजवर, म्हणजे थोडं पाणी बदलण्यावर, भागतं.

माझा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण ५५ लिटर. महापालिकेचं तलावाचं पाणी मुळात हलकं असतं, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य नसतं, शिवाय त्यात क्लोरीन. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागला की मीटरवरचा आकडा कितीतरी पटींनी चढतो. त्यामुळे आरओ आवश्यकच. पण घरगुती आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. ती पिण्याला बरी, टँकला नाही. तो व्हॉल्व्ह बंद करून घेतला, पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, तेव्हा कुठे मीटरवर शून्य आलं.

मग आठवडेच्या आठवडे काहीच नाही. नुसते दगड आणि पाणी. फिश फूडची चिमूट टाकायची, ती कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत आत काही जिवंत सोडायचं नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, मासे कधी येणार?" त्यानंतर वाळूवर तपकिरी थर चढला, तो डायटमचा. नव्या टँकमध्ये तो येतोच आणि त्याला लागणारं सिलिकेट संपलं की आपसूक जातो.

कोरल आणल्यावर थेट टँकमध्ये सोडली नाहीत. आधी कीड काढणाऱ्या कोरल डिपच्या द्रावणात काही मिनिटं बुचकळली. झोआंवर जगणाऱ्या गोगलगायी असतात आणि त्यांचा रंग झोआंसारखाच, त्यामुळे सहज दिसत नाहीत. द्रावणात त्या निसटून खाली पडतात. अंडी मात्र चिकटून राहतात, म्हणून आठवड्याने पुन्हा बुचकळायचं.

उजेडाबाबत दुकानदार जितकं सांगतात तितकं अवघड काही नाही. कोरलाच्या ऊतीत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलाला मिळतं. त्या शैवालाला निळा प्रकाश मानवतो, म्हणून रीफ लाइट निळसर असतात. मी तीस टक्क्यांवर सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडं वाढवत गेले. झोआ देठ लांबवून वर येऊ लागले की उजेड कमी पडतोय. मिटून फिके पडले की जास्त होतोय. उजेड मोजणाऱ्या मीटरपेक्षा हे पटकन कळतं.

लेदर कोरलने मात्र जीव टांगणीला लावला. एका सकाळी बघते तर सगळे पॉलिप (कोरलाची फुलांसारखी इवली तोंडं) आत ओढलेले, वर मेणासारखा चकचकीत थर. दुसऱ्या दिवशी तसंच. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, निकालच दिला, "मेलं गं ते." पाणी तपासलं, सगळे आकडे जागेवर. लेदर अधूनमधून कात टाकतं, कधी कधी आठवडाभर मिटून राहतं, हे मला वाचून माहीत होतं. पण माहीत असणं आणि हात न लावता बसणं यात अंतर आहे. पॉवरहेडचं, म्हणजे प्रवाह देणाऱ्या पंपाचं, तोंड किंचित त्याच्याकडे वळवलं, म्हणजे प्रवाहाने कात लवकर सुटेल. बाकी काही केलं नाही. पुढे तो थर पापुद्र्यासारखा सुटला आणि पॉलिप आधीपेक्षा जास्त फुलले. अशा वेळी लोक एक औषध घालतात, मग दुसरं, मग घाबरून मोठा वॉटर चेंज करतात. मरणार नसलेलं कोरल त्यात मरतं.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. कोरलांना २५-२६ अंश आवडतं, आमचं घर मार्चअखेरीपासून दुपारी ३२ च्या पुढे. समुद्रातही हेच होतं : नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त चढून काही आठवडे टिकला तरी पोवळी आतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हेच झालं. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत माझ्या अख्ख्या टँकहून जास्त होती, म्हणून पाण्यावर तिरका झोत टाकणारा लहान पंखा लावला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मार्चच्या कोरड्या हवेत पंखा छान चालतो, मेमध्ये हवा दमट झाली की त्याचा जोर कमी होतो. तेव्हा लाइटची वेळ संध्याकाळी चार ते रात्री बारा केली, म्हणजे दुपारच्या उकाड्यात दिव्याची उष्णता भर घालत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यांत दुपारी त्या खोलीचा एसीही लावते. बिल येतं, ते भरायचं.

पण पंख्याची किंमत वेगळ्याच ठिकाणी चुकवावी लागते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समुद्राचा खारटपणा लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. माझ्या टँकमधून पंख्यामुळे दिवसाला दीड लिटर पाणी जातं. हिशेब केला तर खारटपणा एका दिवसात ३५ वरून ३६ वर. दोन दिवस लक्ष दिलं नाही की ३७. मोठ्या टँकला तेवढं पाणी जाणवणारही नाही. लहान टँकमध्ये झोआ संध्याकाळपर्यंत अर्धे मिटतात. आणि भरपाईसाठी खारं पाणी घालायचं नाही, शून्य टीडीएसचं गोडं पाणीच घालायचं, ही गोष्ट पाहुण्यांना तर सोडाच, घरच्यांनाही समजवावी लागते.

मी ऑफिसला जाते, त्यामुळे हे काम आईंनी अंगावर घेतलं. त्यांनी काचेवर पाण्याच्या पातळीला एक टिकली चिकटवली. दुपारचा चहा झाला की तांब्याभर पाणी हळूहळू ओतायचं, टिकलीपर्यंत. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मी रात्री बघायचे तर ३५, क्वचित थोडं वर. ती टिकली अजून आहे, फक्त आता शेजारी पाणी आपोआप भरणारा ऑप्टिकल सेन्सरचा टॉप-अपही आहे. त्याचा डबा मुद्दाम पाच लिटरचाच ठेवलाय. सेन्सर अडकून सगळं पाणी एकदम आत गेलं तरी खारटपणा ३२ च्या खाली जात नाही आणि काठावर तीन सेंटिमीटर जागा मोकळी असल्याने पाणी फरशीवर येत नाही. मोठा डबा सोयीचा, पण त्यातला धोका टँकच्या मापाला न परवडणारा.

ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर गेलात तर झोआंथिडांचे, म्हणजे माझ्या झोआंच्या जातभाईंचे, गालिचे दिसतात. गाळात, उन्हात उघडे पडलेले, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा मारा खाणारे, तरी जिवंत. खडकांवर कठीण पोवळीही आहेत; कोस्टल रोडचं काम सुरू होताना वरळी-हाजी अलीची काही तिथून हलवून दुसरीकडे बसवली होती. ते बघून टँकवाल्याला थोडं ओशाळायला होतं. पण त्यांना भरतीचं पाणी दिवसातून दोनदा मिळतं, माझ्यांना ५५ लिटरच. तिथलं काही उचलून घरी आणायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट उशिरा कळली, ती म्हणजे पाणी फार स्वच्छही नको. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर गेले तेव्हा मश्रूम आकसले, झोआंचा रंग उतरला. टँकमध्ये हॅचरीत (मत्स्यपैदास केंद्रात) वाढलेली क्लाउनफिशची एक जोडी आहे. (ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी केली आहे, त्यात क्लाउनफिशही आहेत, रीफवरून पकडलेल्या माशांपेक्षा हॅचरीतले टँकमध्ये सहज रुळतात.) त्यांना थोडं जास्त खायला दिलं. नायट्रेट पाचेक पीपीएमवर स्थिरावलं आणि रंग परतला.

ऐपटेशिया ही उपद्रवी ॲनिमोनी (समुद्रफूल) मात्र आलीच. काचेसारखी पारदर्शक, तपकिरी झाक असलेली, दिसायला नाजूक, शेजारच्या झोआंना डसणारी. चिरडली तर प्रत्येक तुकड्यातून नवी उगवते. पंप बंद करून, कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेल्या चुन्याची घट्ट पेस्ट सिरिंजने तिच्या तोंडावर सोडली. एका वेळी दोन-तीनच, कारण चुन्याने पीएच चढतो. पानाच्या टपरीवरचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही.

आता झोआ इतके वाढलेत की कापून द्यावे लागतात. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय मी ब्लेड उचलत नाही. काही झोआंत आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआंत पॅलिटॉक्सिन असतं, माणसाला माहीत असलेल्या जहाल विषांपैकी एक. कापताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर दवाखाना. असे झोआ चिकटलेले दगड गरम पाण्यात उकळायचे तर अजिबात नाहीत. वाफेतून विष छातीत गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात भरती झाल्याची उदाहरणं आहेत. कापताना आईंना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत पाठवते.

गणपतीला आम्ही सगळेच कोकणात जातो, तेव्हा शेजारच्या काकांचा कॉलेजातला मुलगा टँक बघतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवलंय, कारण पाणी थांबलं की पहिल्यांदा प्राणवायू संपतो. बाकी काचेवर कागद : माशांना दिवसाआड चिमूटभर, लाइटला हात लावायचा नाही, कोरल मिटलं तर मला फोन करण्याआधी टिकली बघायची.