आल्यावर झोपणार कुठे?

"काकू, तुम्ही तेव्हा तिकीट रद्द केलंत ते कशावरून? तुम्हाला आधीच कळलं होतं का?"

कुठे निपाहची बातमी आली, कुठे मंकीपॉक्सची, की आमच्या सोसायटीतलं कोणी ना कोणी मला जिन्यात गाठतं. कोणाची बँकॉकची टूर ठरलेली असते, कोणाच्या मुलाचा ऑस्ट्रेलियात पदवीदान समारंभ असतो. जावं की रद्द करावं? मला विचारायचं कारण एवढंच, की मार्च 2020 मध्ये निघायच्या दोन दिवस आधी मी जर्मनीचं तिकीट रद्द केलं, आणि पुढे जे झालं त्यामुळे उगाचच द्रष्टी ठरले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. द्रष्टेपणा त्यात काही नव्हता. एक टॅक्सीवाला होता, आणि आमच्या घरातला एकुलता एक संडास होता.

लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. ती स्टुटगार्टला. तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा मीच जायचं हे सुरुवातीपासून ठरलेलं. 90 दिवसांचा शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) व्हिसा, 15 मार्चच्या पहाटेचं विमान, 23-23 किलोच्या दोन बॅगा. त्यांत माझे कपडे जेमतेम, बाकी सगळा बाळंतविडा. जुन्या मऊ साड्यांची दुपटी, झबली, कुंच्या, बाळगुटीची सामग्री, बाळंतशेपा, ओवा, आणि दोन मोठे डबे भरून डिंकाचे लाडू. (बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुपाचं काय करतात कोण जाणे. मी तर साजूक तुपात हात सैल सोडून वळले होते.)

जानेवारीत करोना हे चीनमधलं प्रकरण होतं. 30 जानेवारीला केरळात पहिला रुग्ण सापडला, तोही वुहानहून आलेला विद्यार्थी. फेब्रुवारीच्या शेवटी इटलीच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा नवऱ्याने नकाशा उघडून मिलान आणि स्टुटगार्टमध्ये बोटं ठेवली. वीतभरही अंतर नव्हतं. पण नकाशात कसली भीती वाटते? मी लाडू वळत राहिले.

9 मार्चला होळी होती. पुरण शिजत होतं आणि बाहेर टीव्हीवर पुण्याची बातमी लागली. दुबईच्या सहलीहून परतलेलं एक जोडपं, महाराष्ट्रातले पहिले रुग्ण. चाळीसेक जणांचा ग्रुप होता. 1 मार्चला मुंबईत उतरले आणि टॅक्सी करून पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, आणखी नावं जोडली गेली: त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी, आणि तो टॅक्सीवाला.

नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "त्या टॅक्सीवाल्याची काय चूक? तो बिचारा कुठे दुबईला गेला होता?"

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. तोपर्यंत मी एकच प्रश्न घोळवत होते: मला तिकडे काही झालं तर? आणि त्याचं उत्तर मला सोपं होतं. अठ्ठावन्न वय, बीपी नाही, शुगर नाही, रोज पहाटे पार्ल्यात तासभर चालायची सवय. शिवाय लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई स्वतःच्या जिवाचा हिशोब मांडते का? पण टॅक्सीवाला त्या हिशोबात कधी नव्हताच. तो कुठे गेला नव्हता, त्याने काही ठरवलं नव्हतं. सामान डिकीत टाकलं आणि गाडी चालवली, बस्स.

मग मी आमच्या घराकडे पाहिलं. विले पार्ले पूर्वेला जुन्या इमारतीत एक बेडरूम, हॉल, किचन. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दम्याच्या, उशाशी नेब्युलायझर. रात्री दोनदा उठवून न्यावं लागे म्हणून बेडरूममध्ये त्या आणि मी, नवरा हॉलमधल्या दिवाणावर. संडास एक. बाथरूम एक. सकाळी सातला येणाऱ्या मावशी आमच्यानंतर आणखी चार घरी जायच्या, त्यातल्या दोन घरांत म्हातारी माणसं.

11 मार्चला मुंबईत पहिले दोन रुग्ण सापडले, जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि रात्री दिल्लीहून हुकूम निघाला: चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन, जर्मनी इथून येणाऱ्या सगळ्यांनी, भारतीय असले तरी, किमान 14 दिवस वेगळं राहायचं. गुरुवारी पेपरात ती यादी मी बोट फिरवत वाचली. जर्मनी शेवटी होतं.

वेगळं राहायचं म्हणजे कुठे? आपल्याकडे वेगळी खोली ही दिवाळी अंकातल्या जाहिरातीतली वस्तू. मी हॉलमध्ये झोपले तर नवरा कुठे? सासूबाईंना रात्री कोण उठवणार? आणि संडासाचं काय? तो काही वेगळा होणार नव्हता. मी कागदावर घराचा आराखडा काढून बघितला, खरंच. कुठूनही रेघ मारली तरी ती सासूबाईंच्या पलंगावरून जात होती.

नवऱ्याचं म्हणणं होतं, की तू जूनमध्ये परतणार, तोवर सगळं निवळेल. तसं झालंही असतं, कोणास ठाऊक. पण मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत. आकड्यापेक्षा आकडा कसा पळतोय ते बघायची खोड आहे. 3 मार्चला सरकारने चार देशांच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले होते. 11 मार्चला जवळजवळ सगळ्या जगाचे. चारावरून सगळ्यांवर यायला आठ दिवस लागले, तर माझ्या नव्वद दिवसांत काय काय होईल? जायची वाट उघडी होती. यायची वाट उघडी राहील असं मला कोणीच सांगू शकत नव्हतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "खरं सांगू का, मला सांगता येत नाही." त्या दिवसांत एवढं प्रामाणिक दुसरं कोणी बोललं नव्हतं.

सगळ्यांत जास्त चिडल्या त्या सासूबाई. "मला कारण करू नकोस. पोर तिकडे एकटी आणि तू माझ्या उशाशी बसणार? लोक काय म्हणतील?" मग थोड्या वेळाने, आपणहून, त्यांनी प्लेगाची गोष्ट काढली. त्यांच्या आजीकडून ऐकलेली. गिरगावातल्या चाळी एका हिवाळ्यात ओस पडल्या, जो तो बोचकं बांधून गावी पळाला, "आणि मेला तो प्लेगही त्यांच्याबरोबर गावी गेला." एवढंच म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या माझ्या बाजूने बोलल्या की विरुद्ध, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ती साथ 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत सुरू झाली. पुढच्याच वर्षी युरोपातले देश व्हेनिसला परिषद भरवून बसले, विषय एकच: मुंबईहून निघणारी बोट आपल्या बंदरात येऊ द्यायची की नाही. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बोटीही त्या वर्षी मुंबईहून सुटू दिल्या नाहीत. आपण विचारतो, "तिकडे परिस्थिती कशी आहे?" तिकडचे लोक आपल्याबद्दल नेमकं हेच विचारत असतात, हे आपल्या लक्षात येत नाही.

लेकीला फोन केला गुरुवारी रात्री. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तू घाबरलीस का?"

"हो," म्हटलं.

"माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

"आजीसाठी. आणि मावशींसाठी."

"मावशींसाठी?" ती हसली की रडली ते कळलं नाही. फोन जावयाने घेतला.

शुक्रवारी, 13 तारखेला, सकाळी दहाला मी एजंटच्या दुकानात गेले आणि तिकीट रद्द केलं. इथे मला जे शहाणपण चिकटवतात त्याचा पैशांतला हिशोबही ऐकून ठेवा. बावन्न हजारांपैकी एकतीस हजार परत आले, तेही चार महिन्यांनी. कारण रद्द मी केलं होतं. पुढच्या आठवड्यात विमान कंपन्यांनी स्वतःच उड्डाणं रद्द करायला सुरुवात केली. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ लंडनचं तिकीट उराशी धरून शेवटपर्यंत गप्प बसले होते, त्यांना सगळे पैसे मिळाले. 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने लॉकडाऊनमध्ये बुडालेल्या तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला, तेव्हा मी आशेने वाचला. पण माझं तिकीट लॉकडाऊनच्या आधीच, माझ्याच हाताने रद्द झालेलं, त्यामुळे मी त्यात कुठेच बसत नव्हते. व्हिसाची 80 युरो फी गेली ती गेलीच. प्रवासविम्याच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आजारी पडलात का? नाही ना? मग?" शेंगेनसाठी 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तो तिथल्या हॉस्पिटलच्या बिलासाठी. भीती हे कारण पॉलिसीत धरत नाहीत. तेव्हा थांबता येत असेल तर कंपनी रद्द करेपर्यंत थांबावं, हा व्यवहार झाला. मला थांबणं जमलं नाही, कारण बॅगा दारात होत्या आणि दर तासाला माझं मन बदलत होतं. एकवीस हजार मी ते घोळणं बंद व्हावं म्हणून मोजले, असं समजा.

पुढच्या तारखा तुम्हाला माहीत आहेत. 17 मार्चला युरोपीय संघाने बाहेरच्यांना दारं लावायचं ठरवलं. त्याच दिवशी कस्तुरबा रुग्णालयात मुंबईतला पहिला मृत्यू झाला. 18 पासून युरोपातून भारताकडे येणाऱ्यांना विमानात घेणं बंद. इकडे परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला लागले होते. 22 ला आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, आणि 25 ला, ऐन गुढीपाडव्याला, सगळंच थांबलं.

म्हणून लोक म्हणतात, बघा, काकूंनी कसं ओळखलं. पण जरा उलटं करून बघा. मी 15 तारखेला गेले असते तर दारं लागायच्या आत पोचले असते. परदेशात अडकलेल्यांना परत आणणारी 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमानं 7 मेला निघाली, म्हणजे दोन महिने तरी अडकले असते, पण कुठे? लेकीजवळच. 4 एप्रिलला ती बाळंत झाली तेव्हा जावयाला फक्त प्रत्यक्ष प्रसूतीपुरतं आत घेतलं, मग भेटीगाठी बंद. घरी आल्यावर तिकडची सुईण, तिकडे विम्यातूनच येते ती, तोंडाला मास्क लावून यायची आणि बाळाला झोळीत घालून तराजूला लटकवायची. नातीला अंघोळ कशी घालायची हे माझ्या लेकीने तिच्याकडून शिकलं. मी फोनवरून शेकशेगडीच्या सूचना देत होते आणि तिकडे आवाज तुटत होता.

सासूबाईंना करोना झाला नाही. त्या 2023 मध्ये झोपेतच गेल्या. मी गेले असते तरी त्या कदाचित इतक्याच जगल्या असत्या. मी वाचवलं, असं म्हणायला माझ्याकडे काहीही पुरावा नाही. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं 27 मार्च 2022 पासून सुरू झाली, आणि नातीला मी पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि मांडीवर बसायला तयार नव्हती. लेक कधी बोलून दाखवत नाही. फक्त एकदा म्हणाली, "तू असतीस ना, तर..." आणि भांडी लावायला गेली.

तेव्हा जिन्यात मला कोणी विचारलं, की मी उत्तर देत नाही, उलट विचारते. घरात कोण कोण आहे? खोल्या किती? कामाला येणाऱ्या बाई आणखी किती घरी जातात? बँकॉकवाल्या मुलाला मी जा म्हटलं. मंकीपॉक्स मुख्यतः अगदी जवळच्या शारीरिक संपर्काने पसरतो, आणि तो गोरेगावात दोन मित्रांबरोबर राहतो, घरात ना म्हातारं ना तान्हं. केनियाला निघालेल्या बाई पीतज्वराच्या नावानेच घाबरल्या होत्या. त्यांना म्हटलं, लस निघायच्या दहा दिवस आधी घ्या, एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. तिथे घाबरायचं काही नाही, फक्त तारीख चुकवू नका. सगळीकडे रद्द करा म्हणणारी मी नव्हे. कोण कुठे झोपणार हे मात्र सांगितल्याशिवाय मी कोणाला जिन्यातून सोडत नाही. लोकांना वाटतं, म्हातारी चौकस आहे.

राहता राहिले लाडू. पाडव्याला बाजार बंद, श्रीखंड कुठून आणणार? दारात उभ्या असलेल्या बॅगेतून मी एक डबा काढला आणि नैवेद्याला तेच ठेवले. मग रोज सकाळी दुधाबरोबर एकेक. नवरा, मी, सासूबाई, आणि गेटवर अडकून पडलेला वॉचमन. जावयाने व्हिडिओवर नात पहिल्यांदा दाखवली तेव्हा सासूबाईंच्या हातात अर्धा लाडू होता. तो त्यांनी फोनसमोर नाचवला आणि लेकीला म्हणाल्या, "बघ गं, तू तिकडे बाळंत झालीस आणि डिंक मी खातेय. चौऱ्याऐंशीव्या वर्षी!"