भरती बघून चालायला जा

मे महिन्यात सात वाजले की बाहेर पडायची सोय नाही, म्हणून साडेपाचलाच निघाले, नवी मुंबईतल्या नेरुळच्या तळ्याकडे. तळं जवळजवळ रिकामं, चार शेकाटे आपल्या लाल काटकुळ्या पायांवर चिखलात फिरत होते बस्स. फ्लेमिंगो एकपण नाही. मग तशीच जेट्टीकडे गेले. तिथे जाळं सोडवत बसलेले एक कोळी काका म्हणाले, "ताई, आता पानी नाय, ते गेले खाडीत चरायला. परवा पुनव झाली ना, दुपारी भरती येल तवा इकडं बघा."

आणि खरंच आहे की! पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्याकडे सकाळी ओहोटी असते आणि भरती दुपारी, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जाते. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की तिथे चोच उलटी घालून शेवाळ गाळून खायचं, भरतीने तो बुडाला की नेरुळच्या तळ्यांत येऊन आराम करायचा, असं त्यांचं रुटीन. माझ्या अलार्मशी त्यांना काय घेणंदेणं! ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जापण मिळाला, पण ते ऐरोली ते वाशी पुलांच्या मधलं, ही तळी त्याच्या बाहेर. पक्ष्यांना मात्र दोन्ही लागतात, एकच वाचवून कसं चालेल?

पण ओहोटीचीपण मजा असते हां. जेट्टीच्या कडेला निवट्या चिखलावर टणाटण उड्या मारत होत्या, मासा असून पाण्याबाहेर! अंग ओलं असलं की कातडीतूनच श्वास घेतात, आणि दोघी समोरासमोर आल्या की पाठीवरचा पंख उभारून भांडतात, मी तर तिथेच खिळले. बाजूला ते छोटे खेकडे, नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी, तीच वर-खाली हलवत माद्यांना बोलवत होते, लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या काकांसारखे 😄 तिवराचं पान सहज जिभेला लावून बघितलं, मीठच मीठ. झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. वरून एक ब्राह्मणी घार गेली तशा सगळ्या निवट्या क्षणात बिळात.

फोनमध्ये आता भरतीचं टाईमटेबल सेव्ह केलंय. उद्या भरती भर दुपारी अडीच-तीनला आहे, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन जाणार म्हटलं तर आई म्हणते, "मॉर्निंग वॉक म्हणतात का गं याला?"