टिबुकली अपडेट: मोठीचा डोळा शार्प, पिल्लू ब्लर, आणि शेवटी एकदाची ती फ्रेम

मिळाली मंडळी, मिळाली! टिबुकली म्हणजे पाण्यात बुड्या मारणारा आणि पिल्लं पाठीवर घेऊन फिरणारा छोटा पक्षी. एकीच्या पाठीवर पिल्लू, दुसरी चोचीत चतुराची अळी घेऊन शेजारी, आणि भरवणारीचा डोळा, पिल्लाचा डोळा, अळीचे पाय, सगळं खणखणीत शार्प. पाठीवर घेणारीचं शेपूट मऊ पडलंय, पण ते पडू दे, टिबुकलीला शेपूट असतं तरी किती.

मागच्या पोस्टमधलं रडगाणं ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये घोडं कुठे अडलं होतं: मोठी आणि पाठीवरचं पिल्लू, दोघांचे डोळे एकाच फोटोत शार्प येत नव्हते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ६०० एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तर भोक लहान) एफ ६.३, अंतर ८ मीटरच्या आसपास. या हिशोबाने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, येते जेमतेम साडेसहा सेंटीमीटर, त्यातली निम्मी फोकसच्या पुढे आणि निम्मी मागे. टिबुकली चोचीपासून शेपटीपर्यंत २५ ते २९ सेंटीमीटर. ती तोंड आपल्याकडे करून पोहत आली की डोळ्यावर लॉक बसतं आणि पंखातून डोकावणारं पिल्लू दहाएक सेंटीमीटर मागे, म्हणजे गेलंच. बरं आय डिटेक्शन (कॅमेरा आपणहून डोळा शोधून फोकस करतो ते) पिल्लाचा डोळा पकडेल तर शपथ, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या तोंडात तो इवलासा काळा डोळा त्याला सापडतच नाही, ते बापडं दरवेळी मोठीकडेच पळतं. सिंगल पॉइंट, म्हणजे फोकसचा एकच ठिपका, पिल्लावर ठेवला तर मोठीचा डोळा जातो, आणि मोठीचा डोळा सॉफ्ट असलेला फोटो मला स्वतःलाच बघवत नाही.

सगळ्यांनी सांगितलं, एफ ११ कर. केलं. १२ सेंटीमीटरच्या आसपास खोली मिळते, पण उजेडाचे १.६ स्टॉप जातात (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा), म्हणजे सकाळच्या उजेडात १/१००० सेकंदाच्या शटरला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० चालत होता तिथे ५००० लागतो. आणि टिबुकली म्हणजे गडद तपकिरी पक्षी, सावलीतल्या पिसांत नॉईज (दाणे) असा काही येतो की विचारू नका. मग डिनॉईज (दाणे पुसणारं सॉफ्टवेअर) चालवा, की पिल्लाची लव थेट प्लॅस्टिकची दिसायला लागते. हल्ली ज्याच्या त्याच्या फोटोत ती गुळगुळीत पिल्लं दिसतात ना, ती अशीच जन्माला येतात. त्यापेक्षा मला दाणेदार फोटो परवडला. शटर १/५०० वर आणून बघितलं, नुसतं तरंगताना ठीक आहे, पण भरवताना मान इतक्या झटक्यात जाते की चोचच गायब.

तर सुटलं कसं. पाठीवर घेणारीवर फोकस ठेवायचाच नाही! नुसती बसून राहायची ती, तिच्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही. खरी गंमत भरवणारी येते तेव्हा, आणि ती आपल्याला आडवी असेल तर चोचीला चोच लागते त्या क्षणी तिचा डोळा आणि पिल्लाचा डोळा जवळजवळ एकाच प्लेनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, असतात, साडेसहा सेंटीमीटरमध्ये आरामात बसतात. मग एफ ६.३ पण पुरतो आणि आयएसओ पण जागेवर राहतो. (नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे आई कोण नि बाप कोण ते मला विचारू नका.)

अडचण एवढीच की भरवणारी कुठून वर येईल याचा भरवसा नाही, बुडी मारली की दहा-वीस सेकंद पत्ता नसतो. पण पिल्लं आधी सांगतात. ती वर आली की आपल्याला दिसायच्या आधी यांना कळतं, पंखातून डोकी बाहेर आणि चीं चीं चालू. ज्या बाजूला चोची वळल्या त्या बाजूला फोकसचा छोटा झोन सरकवायचा, आय डिटेक्शन त्या झोनपुरतंच, आणि चोचीत काय आहे ते बघायचं. अळी असेल तर एका सेकंदात खेळ संपतो. मासा असेल तर चैन आहे, कारण पिल्लाला तो डोक्याकडून गिळावा लागतो, आडवा धरला की बसत नाही, पाण्यात पडतो, मोठी पुन्हा उचलून देते, आणि आपण बर्स्ट (सलग धडाधड फोटो) मारत बसायचं. मी माश्याची वाट बघत होते, मिळाली अळीची फ्रेम. चालतंय की.

आता पुढचा प्लॅन. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच तेवढ्या पट वाढवणारं जोडभिंग) भाड्याने आणायचा आणि लांबून शूट करायचं ठरलं होतं, म्हणजे लांबून खोली जास्त मिळेल असं वाटत होतं, पण हे लिहिता लिहिता आकडे मांडले तर फ्रेममध्ये पक्षी तेवढाच मोठा ठेवायचा असेल आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर डेप्थ ऑफ फील्ड जवळपास तेवढीच राहते! वर एक स्टॉप उजेड जाणार तो वेगळाच. कॅन्सल. त्यापेक्षा आहे त्याच लेन्सने १२ मीटरवर जाते आणि क्रॉप करते. तिथे एफ ६.३ लाच १५ सेंटीमीटर मिळतात, क्रॉप करून पक्षी तेवढाच मोठा केला की त्यातले १० उरतात. ४५ मेगापिक्सेलचे २० होतात आणि क्रॉपमध्ये नॉईज जास्त दिसतो, म्हणजे फुकट काही नाहीच, पण पक्षी निवांत राहतात आणि माझ्या मते हाच मोठा फायदा. आणि हो, अंड्यांवर बसलेली टिबुकली घाईघाईने शेवाळ-गवत अंड्यांवर ओढून पाण्यात सरकली तर समजा तुम्ही फार जवळ आहात, गुपचूप मागे व्हा. घरट्याचे फोटो मी घेतच नाही, पिल्लं पाण्यात उतरली की मगच कॅमेरा बाहेर.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. पाण्याच्या पातळीवर आडवं पडून शूट करायचं असेल तर ट्रायपॉड घरी ठेवा, बीनबॅगसारखं सुख नाही. आणि ती कापडी पानं लावलेली कॅमो जाळी कोणी घेऊ नका, वाऱ्यात एवढी फडफडते की तिच्यापेक्षा मी बिनजाळीची कमी दिसले असते. साधी मळकी चादर बरी.

टिबुकली १२ मीटरवरून परत करणारच आहे, पण त्याआधी वारकरी नावाच्या पाणपक्ष्याची पिल्लं गाठायची आहेत, कारण त्यांची लाल टकली फार दिवस लाल राहत नाहीत. तिथे भानगड वेगळी, मोठा पक्षी काळाकुट्ट, कपाळ आणि चोच पांढरीशुभ्र, आणि पिल्लाचं डोकं लालभडक, त्यामुळे साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं आणि घरी येऊन बघावं तर लाल चॅनल फुटलेला, म्हणजे लाल रंगातले बारकावेच गेलेले. आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करून एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश स्टॉपपासून सुरुवात करणार आहे, कोणी याहून खाली गेलं असेल तर काळ्या पिसांत काय उरलं ते सांगा.